बंदी कागदावर, वाफ काचेवर

१८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-सिगारेटवर बंदी घालणारा अध्यादेश मंजूर केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. कायदा चांगला कडक आहे. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवला तरी ६ महिन्यांपर्यंत कैद. या सगळ्या यादीत एक गोष्ट मात्र नाही. व्हेप (ई-सिगारेटचंच रोजचं नाव) ओढणाऱ्याबद्दल, म्हणजे तो कुठे ओढतो, कधी ओढतो, ओढताना काय करत असतो, याबद्दल हा कायदा काहीही सांगत नाही. वस्तूच बाजारात नसेल तर ती ओढणार कोण, असा हिशेब त्यामागे असावा.

बाजारात वस्तू आहे. पुण्यात बाणेर-हिंजवडीच्या रस्त्यावर संध्याकाळी सिग्नलला उभं राहावं. शेजारच्या गाडीची काच चार बोटं खाली येते, पांढऱ्या वाफेचा लोट बाहेर पडतो, मागोमाग आंब्याचा किंवा पुदिन्याचा गोडसर वास येतो आणि काच पुन्हा वर जाते. सिग्नल सुटला तरी त्या हातातली व्हेपची डबी खाली गेलेली नसते. मुंबईत, नाशिकमध्ये, नागपुरातही हेच दिसतं. २०१२ साली महाराष्ट्राने गुटखा बंद केला आणि तो टपरीच्या पुढच्या फळीवरून मागच्या डब्यात गेला, हे आपण इतकी वर्षं पाहतो आहोत. व्हेपचंही तेच झालं. फरक एवढाच की गुटखा खाणारा निदान थुंकताना तरी दिसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. विक्री बंद केली म्हणजे वापराचा प्रश्न मिटला, असं धरून आपण गाडी चालवताना होणाऱ्या वापराबद्दल नियमच केले नाहीत. जिथे व्हेप राजरोस विकलं जातं अशा काही देशांनी चालकासाठी आणि गाडीतल्या मुलांसाठी आपल्यापेक्षा जास्त स्पष्ट नियम केले आहेत. आपण बंदीवर विसंबून राहिलो आणि रस्ता मोकळा सोडला. हे बदलायला हवं, आणि त्यासाठी संसदेत मोठा नवा कायदा आणण्याचीही गरज नाही.

मुळात गाडीतच इतकं व्हेप का ओढलं जातं? सिगारेटला वास आहे, राख आहे, सीटवर भोक पडण्याची भीती आहे. घरच्यांना कळतं. त्यामुळे घरच्या गाडीत सिगारेट पेटवायला कचरणारे कितीतरी लोक असतात. व्हेपचा वास काच खाली केली की बराचसा निघून जातो. राख नाही, काडी नाही, थोटूक नाही. ऑफिसात ओढता येत नाही, घरी आईवडील आहेत, सोसायटीच्या गच्चीवर कॅमेरा आहे. मग उरते ती गाडी. शिवाय सिगारेट एकदा पेटवली की पाच-सात मिनिटांत संपते, पुढची पेटवायची की नाही हा विचार तरी करावा लागतो. व्हेपला असा शेवट नाही. हिंजवडी ते कोथरूड या प्रवासात प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक कोंडीत आणि कोंडी सुटल्यावरही ते तोंडाला लागू शकतं. म्हणजे हात स्टिअरिंगवरून निघण्याचे प्रसंग सिगारेटपेक्षा जास्त.

आता एक झुरका घेताना नक्की काय होतं ते पाहू. डबी बहुतेक वेळा गिअरपाशी, कप ठेवायच्या खाचेत किंवा मांडीवर असते. हात तिकडे जातो, बोटांना सापडली नाही तर नजरही जाते. काही डब्यांना बटण असतं, काहींवर चार्जिंग आणि वॅट दाखवणारा छोटा पडदा असतो, अलीकडच्या काहींवर तर खेळसुद्धा असतात. झुरका घेतला, छातीत धरला, सोडला. सोडताना चालक तोंड खिडकीकडे वळवतो, दुसऱ्या हाताने काचेचं बटण दाबतो. तेवढ्यात डबी निसटून सीट आणि हँडब्रेकच्या मधल्या फटीत गेली तर पुढचे कितीतरी क्षण ती चाचपण्यात जातात. मोबाइल पडल्यावर माणसं जशी वाकून शोधतात तशीच हिलाही शोधतात, कारण ती महाग आहे आणि तलफ तिच्यात आहे.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेक संस्थेने तिथल्या रस्ता सुरक्षा प्रशासनासाठी १०० गाड्यांमध्ये कॅमेरे बसवून चालकांचं रोजचं वागणं टिपलं होतं. २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. सुमारे ८० टक्के टकरींमध्ये आधीच्या ३ सेकंदांत चालकाचं लक्ष कुठेतरी ढळलेलं होतं, आणि २ सेकंदांपेक्षा जास्त वेळ रस्त्यावरून नजर हटली की धोका दुप्पट होत होता. हे २ सेकंद आपल्या रस्त्यांवर मोजून पाहा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या वेळात ५५ मीटर पुढे जाते. शहरात ४० च्या वेगाने २२ मीटर, म्हणजे अख्खा झेब्रा क्रॉसिंग आणि त्याच्या पुढचा रिक्षा स्टँड. आणि आपल्याकडे समोर असतो कोण? २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. गाडीतला माणूस झुरक्याची किंमत बंपरवर मोजतो, दुचाकीवाला जिवावर मोजतो.

या मृत्यूंमध्ये व्हेपमुळे किती, असं कुणी विचारेल. सरकारी अहवालात वाहतूक नियमभंगाचे जे रकाने आहेत त्यांत अतिवेग आहे, दारू आहे, उलट्या बाजूने गाडी चालवणं आहे, सिग्नल तोडणं आहे, मोबाइल आहे. बाकी सगळं 'इतर'मध्ये जातं. पंचनामा करणाऱ्या हवालदाराला गाडीत एक रंगीत डबी सापडली तरी ती कुठे लिहायची याला जागा नाही. आणि जे मोजलंच जात नाही त्याबद्दल मग बिनदिक्कत म्हटलं जातं, आकडे कुठे आहेत?

डोळ्यांसमोरची वाफ हा दुसरा भाग. व्हेपच्या द्रवात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकोल आणि ग्लिसरीन असतं. नाटकाच्या प्रयोगात रंगमंचावर धुकं सोडणाऱ्या यंत्रातही हीच द्रव्यं वापरतात, यावरून व्हेपची वाफ किती दाट होऊ शकते याची कल्पना यावी. उघड्या खिडकीत तो लोट काही क्षणांत विरतो. पण पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात खिडक्या उघड्या नसतात. बाहेर धुकं, काचांवर पावसाची संततधार, एसी आतलीच हवा फिरवतो आहे, आणि पुढच्या कंटेनरचे लाल दिवे हाच काय तो आधार. तिथे चालकाने समोर तोंड करून एक मोठा झुरका सोडला तर त्या एका वळणापुरती त्याची नजर गेलेली असते.

वाफ विरली तरी तिचा अंश उरतो. ग्लिसरीन सहजी उडून जात नाही, ते काचेच्या आतल्या बाजूला बसतं. ज्या गाडीत रोज व्हेप ओढलं जातं तिची पुढची काच आतून कोरड्या फडक्याने पुसून पाहा. फडकं जड सरकतं, मागे तेलकट फराटे उमटतात आणि एका पुसण्यात ते जात नाहीत. दिवसा हा थर जाणवतही नाही. रात्री समोरून कुणी अपर मारत आला की तोच थर उजळतो आणि दिव्याभोवती पिवळट पसारा दिसू लागतो. दुभाजक नसलेल्या राज्यमार्गावर, जिथे दिवे न लावता उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या चालतात, तिथे तो पसारा म्हणजे पुढची ट्रॉली उशिरा दिसणं.

बॅटरीबद्दल थोडक्यात सांगतो. व्हेपच्या डबीत लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्या धोक्यामुळेच २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने ई-सिगारेट विमानाच्या चेक-इन सामानात ठेवायला मनाई केली. अ‍ॅरिझोनात झालेल्या एका अभ्यासात उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचं तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअस भरलं होतं. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर, कुठल्याही मानकात न बसलेली, चोरवाटेने आलेली बॅटरी ठेवून जाणं हा शहाणपणा नाही. चालत्या गाडीत ती पेटली तर चालक काय करेल, हे सांगायला नको.

आणि ती चोरवाटेने आलेली आहे, हाच इथला सर्वांत गंभीर मुद्दा आहे. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात द्रवातल्या निकोटीनला मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आपल्याकडे वस्तूच बेकायदा, त्यामुळे मर्यादाही नाही, तपासणीही नाही, वेष्टनावर लिहिलेलं खरं की खोटं हे पाहणारं कुणी नाही. निकोटीन एकदम जास्त गेलं की डोकं हलकं होतं, मळमळतं, दरदरून घाम फुटतो. नव्याने ओढणाऱ्याला ठसका लागतो आणि तो सहजी थांबत नाही. सोफ्यावर बसून हे झालं तर माणूस पाणी पितो. तिसऱ्या लेनमध्ये झालं तर?

आता आपल्या कायद्याकडे येऊ. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाची आपल्याकडची लढाई मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेमुळे पुढे सरकली. २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या याचिकेत रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याबरोबर रेल्वेसह सार्वजनिक वाहनांतल्या धूम्रपानालाही मनाई केली. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम त्यानंतर आले. एसटीत, लोकलमध्ये बिडी पेटवणारा आज क्वचित दिसतो, हे त्या लढाईचं खरंखुरं यश आहे. पण त्या कायद्यातली धूम्रपानाची व्याख्या तंबाखू ओढण्याची आहे आणि व्हेपच्या द्रवात तंबाखू नसतो. शिवाय तो कायदा सार्वजनिक वाहनापुरता आहे. खासगी मोटारीच्या दारापाशी तो थांबतो, मग आत मागच्या सीटवर तान्हं बाळ असलं तरी.

मोटर वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक रीतीने गाडी चालवण्याबद्दल शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून गाडी चालवणं त्यात नावानिशी घातलं. पहिल्या वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. एखादा सक्षम आणि सावध चालक जशी चालवील त्याहून फारच खालच्या दर्जाची चालवणूकही त्यात बसते, म्हणजे व्हेपमुळे गाडी भरकटली तर कलम आहे. पण ती भरकटल्यावर. केंद्रीय मोटर वाहन नियमांतला नियम २१ जास्त कामाचा आहे. कोणत्या कृत्यांसाठी लायसन निलंबित होऊ शकतं याची ती यादी आहे, आणि त्यात प्रवासी वाहन चालवताना धूम्रपान करणं हे स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. आपल्या नियमकर्त्यांना हा धोका कळत होता. ज्या काळात तो नियम लिहिला गेला त्या काळात व्हेप नव्हतं एवढंच.

ब्रिटनचं उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखं आहे, कारण तिथे व्हेप दुकानात मिळतं आणि सिगारेट सोडण्यासाठी सरकारी आरोग्य सेवा त्याची शिफारसही करते. गाडी चालवताना व्हेप ओढू नये असा वेगळा कायदा तिथेही नाही. पण त्यांच्या हायवे कोडच्या, म्हणजे रस्त्यावरच्या वागण्याच्या अधिकृत नियमावलीच्या, १४८ व्या नियमात लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टींत खाणं, पिणं, धूम्रपान, गाणी बदलणं, सहप्रवाशाशी वाद घालणं असं सगळं सांगितलेलं आहे. वाफेमुळे समोरचं दिसेनासं झालं किंवा गाडीवरचा ताबा सुटला तर पोलीस निष्काळजी चालवणुकीची कारवाई करू शकतात, १०० पौंड आणि लायसनवर ३ गुण. ३ वर्षांत १२ गुण भरले की साधारणपणे लायसन जातं. दंडापेक्षा लोक या गुणांना भितात, कारण विम्याचा हप्ता वाढतो. मात्र १ ऑक्टोबर २०१५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ वर्षांखालील मूल गाडीत असताना सिगारेट ओढायला बंदी आली तेव्हा व्हेपला त्यातून वगळलं गेलं. ती सूट मला चुकीची वाटते. सोडलेल्या वाफेतही निकोटीन असतं, अतिसूक्ष्म कण असतात, आणि गाडीची केबिन म्हणजे काही बैठकीची खोली नव्हे. न्यूझीलंडने ही चूक केली नाही. २८ नोव्हेंबर २०२१ पासून तिथे १८ वर्षांखालचं कुणीही गाडीत असेल तर सिगारेट आणि व्हेप दोन्ही बंद. दंड फक्त ५० डॉलर, आणि पोलिसाला समज देऊन सोडण्याचीही मुभा. दंड छोटा ठेवला हे मला पटतं. मूल गाडीत असताना हे करायचं नसतं, एवढं आईबापांना कायद्याने स्पष्ट सांगणं हेच तिथलं मुख्य काम आहे.

आपल्याकडे याला विरोध कसा होईल हे मला दिसतं. पहिला आक्षेप ठरलेला, गाडी माझी, फुप्फुसं माझी. गाडी तुमची आहे, रस्ता सगळ्यांचा आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्म काढायला लावल्या तेव्हाच सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीचा आतला भाग ही पूर्ण खासगी जागा नाही हे एका अर्थी मान्य झालं. सीटबेल्टही आपल्याच गाडीत, आपल्याच छातीवर लावतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आणखी एक नियम म्हणजे चौकात आणखी एक चिरीमिरी. हे मी झटकून टाकणार नाही. गाडी बाजूला घे, डबी दाखव, घरी कळवू का, असं म्हणून कॉलेजच्या पोरांकडून पैसे काढले जातील ही भीती खरी आहे. म्हणूनच नियम नेमका हवा. 'लक्ष विचलित होईल असे कोणतेही कृत्य' असं मोघम लिहिलं तर पाण्याची बाटली उघडणाराही पोलिसाच्या मर्जीवर. 'वाहन चालू स्थितीत असताना चालकाने सिगारेट, बिडी किंवा ई-सिगारेट ओढू नये' असं लिहिलं तर वाद उरत नाही. आणि कारवाई फोटोसह ई-चलानानेच व्हावी. एक्सप्रेसवेवर २०२४ पासून कॅमेरे सीटबेल्ट आणि मोबाइल पकडत आहेत. काचेआडचा फोन ज्याला दिसतो त्याला तोंडाला लावलेली डबीही दिसेल.

तिसरा आक्षेप लांब पल्ल्याच्या चालकांचा. झोप येऊ नये म्हणून कुणी मळून तंबाखू लावतो, कुणी बिडी ओढतो, तरुण पोरं आता व्हेपकडे वळली आहेत. त्यांच्याबद्दल मला राग नाही. मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ सालीच दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली होती, ती पाळली जात नाही म्हणून या पोरांना जागं राहायला निकोटीन लागतं. त्यांना दंड करण्याआधी त्यांच्या मालकांना कामाचे तास विचारले पाहिजेत, आणि महामार्गावर ट्रक उभा करून दोन तास निर्धास्त झोपता येईल अशा जागा दिल्या पाहिजेत. पण पेंगुळलेला चालक झुरक्यावर गाडी रेटतो तेव्हा धोका टळत नाही, तो पुढच्या टोलनाक्यापर्यंत लांबतो. सिगारेट सोडण्यासाठी व्हेप धरलेल्या माणसालाही हेच सांगेन. तलफ आली तर फूड मॉलला थांबा, गाडी बंद करा, पेट्रोल पंपापासून लांब उभे राहा. दहा मिनिटं उशीर होईल.

मग करायचं काय? नियम २१ मध्ये धूम्रपानाच्या जोडीला ई-सिगारेट घालणं केंद्राच्या अधिसूचनेने होऊ शकतं. मोबाइलचा उल्लेख आज त्याच यादीत आहे. खासगी गाडीच्या चालकालाही तीच अट घालावी आणि १८ वर्षांखालचं मूल गाडीत असेल तर प्रवाशांनाही. अपघाताच्या नोंदीत 'चालक काय करत होता' यासाठी एक रकाना वाढवावा. लायसनच्या परीक्षेत एक प्रश्न यावर असावा, कारण अठराव्या वर्षी लायसन काढायला आलेल्या मुलाच्या खिशातच ती डबी असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. त्याला तिथे कुणी रागावू नये. ताशी ६० ने जाताना २ सेकंदांत ३३ मीटर जातात, हे त्याच्याकडून मोजून घ्यावं.

केंद्राची वाट न पाहता राज्य एक गोष्ट लगेच करू शकतं. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. बसचा रंग, प्रथमोपचार पेटी, महिला मदतनीस, वेगमर्यादा यांचा विचार त्यात झालेला आहे. काचा लावलेल्या व्हॅनमध्ये दप्तरांसकट बसलेल्या मुलांपुढे चालकाने व्हेप ओढलं तर आज शाळेने त्याला कोणत्या नियमाखाली थांबवायचं, हे मुख्याध्यापकांना विचारलं तर उत्तर मिळणार नाही. परिवहन विभागाने या नियमांत ई-सिगारेटबद्दल एक ओळ घालावी, शाळांच्या परिवहन समित्यांना ती लेखी कळवावी आणि व्हॅनमध्ये मुलांना वाचता येईल अशी लावायला सांगावी. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी एवढं होऊ शकतं.